तवलीची पकड

"अजून सोडू नका! दमानं घ्या!" आबा हात वर करून ओरडत होते, आणि माळावर ओळीनं उभी असलेली अकरा कुत्री आपापल्या माणसांना फरफटत पुढं नेत होती.

लांडगा समोरच होता. तरवडाच्या झुडपांपलीकडं, पिवळ्या गवतात, अगदी निवांत उभा. तीन आठवड्यांत बिरू धनगराच्या वाड्यावरून त्यानं सतरा कोकरं उचलली होती. इनामदारांनी बंदूक घेऊन दोनदा पाळत ठेवली, तर दोन्ही वेळेला हा पठ्ठ्या त्यांच्या पाठीमागून कोकरू घेऊन गेला. शेवटी बिरू आमच्या दारात येऊन बसला. "सिद्रामदादा, आता तुमच्या कारवानीशिवाय इलाज न्हाई बघा."

आमचं घर कारवानी कुत्र्यांचं. उंच, सडपातळ, पोट खपाटीला गेलेली, सशाच्या मागं सुटली की डोळा ठरू न देणारी कुत्री. जतच्या बाजूला बारा गावांत असली कुत्री पाळणारी आठ-नऊ घरं होती, पण सिद्राम कोळेकराच्या कुत्रीचं पिल्लू म्हटलं की माणसं दोन-दोन वर्षं थांबायची. सिद्राम म्हणजे माझे आबा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. शिकारीच्या ओळीत बाईमाणसाला जागा नव्हती, म्हणून मी ओढ्याच्या वळणावर, बिरूच्या बायकोजवळ उभी होते. हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला तवली.

तवलीला घरी बांधून ये, असं आबांनी दोनदा बजावलं होतं. मी दोन्ही वेळा मान डोलावली होती. माझ्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो हे आबांना एव्हाना कळायला हवं होतं.

"तोंड झाक तिचं," बिरूची बायको कुजबुजली. "इनामदार बघतील की."

मी पदराचं टोक तवलीच्या तोंडावर धरलं. तवलीनं ते चाटलं.

ती भानगड काय होती ते सांगायला हवं. आमच्यात पिल्लाची पारख चाळिसाव्या दिवशी व्हायची. घरच्या देव्हाऱ्यात एक लहान पितळी बांगडी असे, सात-आठ वर्षांच्या पोरीच्या हातात बसेल एवढी. तिला तेल-हळद लावायची. घरधन्यानं पिल्लू मांडीवर धरायचं आणि घरच्या लेकीनं बांगडी त्याच्या नाकावरून वर सरकवायची. बांगडी थेट डोळ्यांपर्यंत चढली तर तोंड निमुळतं, रक्त चोख. मध्येच अडकली तर पिल्लू बाद. बाद झालेलं पिल्लू आबा एका फडक्यात गुंडाळून ओढ्याकडं घेऊन जात आणि रिकामं फडकं खांद्यावर टाकून परत येत. त्या दिवशी ते जेवत नसत. आम्हीही काही विचारत नसू.

बारा गावांत बाकी कुणाकडं ही रीत नव्हती. म्हणून तर आमच्या पिल्लांना मान. एखाद्या घरात बाहेरचं रक्त शिरलंय असं नुसतं कानावर आलं, तरी बाकीची सगळी घरं त्या घराशी कुत्र्यांची जोडणी तोडत. आबांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर तीन महिन्यांनी, आमची कुत्री व्याली. पाच पिल्लं. चार सुबक आणि पाचवी ही. जबडा रुंद, गाल फुगलेले, भात शिजवायच्या तवलीसारखं पसरट तोंड. ही बांगडीत जायची नाही हे मला दहाव्या दिवशीच कळलं. पण रात्रंदिवस रडून माझे डोळे सुजले होते तेव्हा हीच येऊन माझ्या मांडीत झोपायची. चाळिसाव्या दिवशी पहिल्या चार पिल्लांची पारख झाली आणि मी हळद घ्यायच्या निमित्तानं आत गेले. देव्हाऱ्यात आईची एक पितळी बांगडी ठेवलेली होती. तिलाच हळद फासली, बाहेर आले, आणि आबांच्या डोळ्यांदेखत ती तवलीच्या नाकावरून सरकवली. सरसर वर गेली. हळदीनं माखल्यावर ही बांगडी कोणती आणि ती कोणती, कुणाला कळणार होतं? 

एरवी आबा ती बांगडी स्वतः धुऊन जागेवर ठेवत. त्या दिवशी पाय झटकत उठले आणि म्हणाले, "अंबू, तूच धू आणि ठेव तिची तिथं."

तवली वाचली. मोठी झाली तशी अंगानं बाकीच्यांसारखीच लांब, सडपातळ निघाली. तोंड तेवढं राहिलं. आबा तिला चारचौघांत कधी नेत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "लहानपणी गांधीलमाशी चावली, तवापास्नं सूज हाय." दोन वर्षं उतरली नाही अशी सूज बारा गावांत कुणी पाहिली नसेल.

आणि आज मी तिला घेऊन सगळ्यांच्या समोर उभी होते. का? तर तिलाही बघायला मिळावं म्हणून. एकोणीस वर्षांच्या पोरीला याहून जास्त अक्कल असावी असं आता वाटतं.

"सोडा!" आबांचा हात खाली आला.

अकरा दोऱ्या एकदम सुटल्या. बाई गं, काय ते दृश्य! लांडगा वळला, पळाला, आणि त्याच्यामागं कुत्र्यांची लाटच्या लाट. पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. मुरुमाचे खडे मागं उडत होते. माणसं काठ्या घेऊन बोंब मारत धावत होती, त्यात एकाचा फेटा सुटून मागच्याच्या पायात आला आणि दोघंही आडवे. कुणी हसायलासुद्धा थांबलं नाही.

"तुमचा भवऱ्या पुढं हाय!" बिरूची बायको माझा दंड पिरगाळत ओरडली.

भवऱ्या आबांचा जीव. करड्या रंगाचा, पाच वर्षांचा. त्याच्या बरोबरीला इनामदार दौलतरावांचा शाहजादा. दोघांनी मिळून लांडग्याला चिंचेच्या झाडापासून फिरवलं, बांधावरून उडी मारायला लावली, पुन्हा फिरवलं. लांडगा थेट आमच्याकडं, ओढ्याच्या वळणाकडं यायला लागला. मी किंचाळत होते, काय ते मलाच ठाऊक नाही. तवली दोन पायांवर उभी राहिली होती. दोरीनं माझा तळहात सोलून निघाला.

ओढ्याच्या उंच दरडीशी लांडगा अडला. मागं दरड, समोर अकरा कुत्री. तो पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं दात दाखवले.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. कारवानी कुत्रं वाऱ्याला मागं टाकेल, पण अंगाशी जाऊन झुंजणं त्याचं काम नव्हे. ते येतं, चावा घेतं, बाजूला होतं. सशाला तेवढं पुरतं. अकराच्या अकरा कुत्री अर्धगोल करून भुंकत राहिली. शाहजाद्यानं एकदा तोंड पुढं केलं, लांडग्याचे दात कानाजवळ वाजले, आणि साहेब शेपूट पोटाखाली घालून मागच्या रांगेत. माणसं अजून दोन शेतं मागं होती. बंदूक इनामदारांच्या हातात होती, पण कुत्र्यांच्या घोळक्यात ती चालवणार कशी!

भवऱ्या तेवढा पुन्हा आत घुसला. लांडग्यानं त्याला खांद्याला धरलं, खाली पाडलं आणि गळ्याकडं तोंड नेलं. भवऱ्या ओरडला. कुत्र्याचा तसला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

दोरी माझ्या हातात होती. सोडली तर इनामदार तिचं तोंड बघणार, पाठोपाठ अख्खी बारा गावं बघणार. आबांचं नाव जाणार. आणि नाही सोडली तर भवऱ्या जाणार. एवढं सगळं मी आत्ता सांगते आहे, तेव्हा एवढा विचार करायला वेळच नव्हता. भवऱ्या दुसऱ्यांदा ओरडला आणि माझी मूठ उघडली.

तवली दरडीवरून सरळ खाली गेली. भुंकली नाही, थांबली नाही. लांडग्यानं मान वर केली, त्याच क्षणी तिनं त्याला जबड्याखाली, गळ्याशी धरलं.

आणि सोडलंच नाही.

लांडग्यानं तिला उचलून आपटलं. दगडावर घासलं. मागच्या पायांच्या नखांनी तिचं पोट ओरबाडलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि दात रुतलेले. "धर गं बाई, धर!" मी दरडीवरून घसरत उतरत ओरडत होते. बाकीच्या कुत्र्यांना आता धीर आला, त्यांनी मागून पाय धरले. तेवढ्यात बिरू पोचला. सतरा कोकरांचा हिशेब त्यानं काठीच्या दोन घावांत मिटवला.

एकच आरोळी उठली. बिरूनं फेटा हवेत उडवला. भवऱ्या लंगडत का होईना, उभा राहिला आणि आबांच्या पायांना अंग घासायला लागला. मी तवलीपाशी जाऊन बसले. ती अजून सोडत नव्हती. लांडगा मेलेला होता आणि ही त्याच्या गळ्याला तशीच चिकटलेली.

"तवले, सोड. सोड गं, मेला तो."

कसलं सोडते! दोघांनी तिला मागं ओढलं, तर लांडगाही तिच्याबरोबर सरकत आला. कुणीतरी पाणी ओतलं. कुणी शेपूट पिळली. काही उपयोग नाही.

"सरका," आबा म्हणाले.

ते तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पाय टाकून बसले. कंबरेचा कोयता काढून बाभळीची वीतभर फांदी तासली, एक टोक चपटं केलं. ते टोक तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात, अगदी मागच्या दाढांच्या मागं घातलं आणि मनगट हलकेच फिरवलं. तवलीचं तोंड आपसूक उघडलं. सगळं मिळून चार श्वासांचं काम.

मी तवलीला पोटाशी धरलं. आणि मग लक्षात आलं की सगळे तिच्या तोंडाकडं बघतायत.

दौलतराव इनामदार पुढं आले. उंच माणूस, मिशीला पीळ, आवाज नेहमी हळू. त्यांनी वाकून तवलीचा जबडा हातात घेतला, इकडून बघितला, तिकडून बघितला.

"सिद्राम," ते म्हणाले, "ही सूज नव्हे."

आबा हातातली फांदी फिरवत राहिले.

"आणि एक सांग. कारवानी चावतं आणि सोडतं. धरून बसणारं कारवानी मी जन्मात बघितलं नाही. मग मिठी मारलेला जबडा दाढांमागं काठी घालून उघडायचा, हे तू शिकलास कुठं? तुझ्या घरात ही वेळ आलीच कशी?"

 बारा गावांचे कुत्रेवाले तिथं उभे होते. सगळे आबांकडं बघत होते.

"चूक माझी आहे!" मी उठून उभी राहिले. "आबांचा काही संबंध नाही. ही बांगडीत गेलीच नव्हती. मी आईची मोठी बांगडी लावली. आबांना मी फसवलं."

कुजबुज झाली. "बांगडी बदलली?" एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला. "मग आपण नेलेल्या पिल्लांचं काय?"

"ऐकलंत?" इनामदार मागं वळले. "बांगडीचा एवढा डंका, आणि आत हे. आजपासून कोळेकराच्या घराशी जोडणी बंद. कुणाला काही म्हणायचंय?"

"मला म्हणायचंय, सरकार," आबा म्हणाले. त्यांनी फांदी टाकून दिली, हात धोतराला पुसले. "पोरीनं खरं सांगितलं. आता मी बी सांगतो. काठी घालून जबडा उघडायची ही रीत मला बापानं शिकवली. बापाला त्याच्या बापानं. आज्याला शिकवली ती एका गोऱ्या सायबानं."

"कुठला साहेब?"

"मिरजेकडं रेल्वेचं रूळ टाकत हुते तवाचा. आजा त्याची कुत्री सांभाळायचा. सायबाकडं एक बुलडॉग हुता. चपटं तोंड, वाकडं पाय, चार पावलं चालला की धापा टाकायचा. पण एकदा धरलं की सोडायचा न्हाई. आणि आज्याची कारवानी कशी? डुकराला गाठायची, आणि गाठून नुसतीच बघत उभी ऱ्हायची."

कुणीतरी हसलं. शाहजाद्याच्या माणसानं मान खाली घातली.

"सायबानं आज्याला सांगितलं, आमच्या मुलखात एका सरदारानं शर्यतीच्या कुत्र्यांत बुलडॉगचं रक्त घातलं. लोक त्याला हसले. पहिली पिल्लं ना धड पळणारी, ना धड धरणारी. पण त्यो दर पिढीला पळणाऱ्या कुत्र्याशीच जोडत गेला. सहाव्या-सातव्या पिढीला तोंड गेलं, पाय सरळ झालं, अंग पुन्हा वाऱ्यासारखं. आत काळीज तेवढं बुलडॉगचं ऱ्हायलं. आज्यानं ऐकलं आणि तसंच केलं. गुपचूप. वीस वर्सं घालवली."

"म्हणजे तुमच्या घरात पहिल्यापासनं..." बिरूनं तोंडावर हात ठेवला.

"पहिल्यापासनं. तुम्ही लोक म्हनायचा, कोळेकराची कुत्री लई छातीची. ती छाती कुठनं आली, कुणी इचारलं न्हाई. कवातरी एखादं पिल्लू जुनं तोंड घेऊन यायचंच. ते कुणाच्या नजरंला पडू नये म्हणून आज्यानं बांगडी आणली. चोख रक्त राखायला न्हवं, सरकार. चोरी झाकायला."

इनामदारांचा चेहरा लाल झाला होता. "तीन पिढ्या लोकांना फसवलंत, आणि वर तोंड करून सांगतोस? आमच्या चोख कुत्र्यांना तुमचा वारासुद्धा लागू देणार नाही आता!"

"तसं करा," आबा अगदी अदबीनं म्हणाले. "पर शाहजाद्याचं काय करायचं? त्याची आई थोरल्या सरकारांनी आमच्याच घरनं नेली हुती. बांगडीतनं काढून, हळद पुसून, मीच तुमच्या गाडीत ठिवली."

सगळ्यांच्या माना शाहजाद्याकडं वळल्या. मग बिरू जो हसत सुटला, तो खालीच बसला. त्याचं बघून म्हातारे हसले, फेटा सुटलेला तो हसला. एकजण बोटं मोजत म्हणाला, "माझ्या दोन्ही कुत्र्या सिद्रामच्याच!" दुसरा म्हणाला, "माझ्या कुत्र्याचा बाप!" पाच मिनिटांत असं निघालं की माळावरच्या अकरा कुत्र्यांपैकी नऊ आमच्या घरची. जोडणी बंद करायची तर कुणी कुणाशी करायची? इनामदारांची तर पुरती भंबेरी उडाली. त्यांनी शाहजाद्याकडं पाहिलं, शाहजाद्यानं त्यांच्याकडं पाहून शेपूट हलवली. आत बुलडॉगचं काळीज असलंच, तर त्या दिवशी ते घरी ठेवून आलेलं होतं.

इनामदार वळले. दहा पावलं गेले आणि थांबले.

"सिद्राम," ते आमच्याकडं न बघताच म्हणाले, "या रुंद तोंडाच्या कुत्रीला पिल्लं झाली की एक माझ्यासाठी ठेव."

आम्ही घरी आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. लोकांनी तवलीला खांद्यावरून आणलं होतं. आधी भवऱ्याला बांधून झालं. मग आबा अंगणात तिच्या पोटावरच्या जखमा हळदीच्या पाण्यानं धूत बसले आणि मी वाटी धरून समोर.  मी किती वेळ धीर गोळा करत होते देव जाणे.

"आबा, मी तुम्हाला फसवलं. रागावला नाहीत?"

"कवा फसवलंस?"

"बांगडी बदलली तेव्हा."

आबांनी फडकं पिळलं. "तुज्या आईच्या हातात ती बांगडी मी चढवली हुती, अंबू. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रंत. मला वळखायची न्हाई व्हय?"

मी वाटी खाली ठेवली. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तू उंबऱ्यातनं भाईर आलीस तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी फडकं पुन्हा जखमेवर फिरवलं. तवली त्यांचं मनगट चाटत होती.

"तिच्या आधी अकरा पिल्लं वड्याला नेली मी," ते म्हणाले. "ह्याच फडक्यात. दर वक्ताला वाटायचं, आज तरी कुणी बांगडी बदलावी. आज्याचा शब्द मोडायची छाती मला न्हवती, बापाचा मोडायची न्हवती. तुला झाली."

मला रडू आवरेना. आबांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि उठले. आत गेले, देव्हाऱ्यापाशी जरा वेळ थांबले. बाहेर आले तेव्हा तेच फडकं हातात गुंडाळलेलं होतं. ओढ्याच्या वाटेला लागले. तवली उठून त्यांच्यामागं जायला बघत होती, मी तिला धरून ठेवलं.

ते परत आले तेव्हा फडकं रिकामं होतं. पाय धुतले आणि म्हणाले, "वाढ गं, भूक लागली."

जेवणं झाल्यावर मी दिवा लावायला देव्हाऱ्यापाशी गेले. तिथं एकच बांगडी होती. आईची.